दोन ठोके पडले की खाली बसायचं

सर, आज मी मधेच खाली बसले.

हायकोर्टात, भरल्या कोर्टरूममध्ये, बोलता बोलता थांबले, गाऊन सावरला आणि सरळ बसले. मी! जिला तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तू वकील आहेस की रेडिओ?" माझी अशील बँक एका बाजूला, समोर शेअर दलालांची एक बडी कंपनी आणि त्यांचे नावाजलेले सीनिअर. माझे बरेच मुद्दे बाकी होते, दोन तर असे सुंदर बांधले होते की बोलायला जीभ नुसती वळवळत होती. पण न्यायमूर्तींनी चष्मा काढून करारातलं मी दाखवलेलं कलम स्वतःच पुन्हा एकदा वाचायला घेतलं आणि मला कळलं, झालं. समोरच्या सीनिअरना त्यांनी एवढंच विचारलं, "आता याचं काय करायचं?" ते बिचारे जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या कलमाच्या आजूबाजूने फिरत राहिले. निकाल आमच्या बाजूने लागला. बाहेर कॉरिडॉरमध्ये माझी ज्युनिअर फुरंगटून म्हणते, "मॅडम, आठवडाभर खपून काढलेले मुद्दे तुम्ही बोललाच नाहीत!" मी म्हटलं, "जप ते, पुढच्या केसला लागतील." खरं काय ते तिला सांगायला बसले असते तर उत्तनच्या किनाऱ्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिला भूक लागली होती.

म्हणून तुम्हाला लिहितेय. भाईंदरच्याच घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकर गार व्हायची वाट बघत. हो, अजून भाईंदर पश्चिमच. फोर्टमध्ये स्वतःचं ऑफिस आहे, दारावर पितळी पाटी आहे, हाताखाली पाच-सहा पोरं आहेत, बँका आणि विमा कंपन्या वेळ मागून घेतात, आणि तरी कोणी ना कोणी नाक मुरडतंच, "मॅडम, अजून भाईंदर?" मी सांगते, बाबा रे, मी जे काही शिकले ते भाईंदरच्या एका फरसाणच्या दुकानाच्या डोक्यावर शिकले. त्यांना वाटतं मी गंमत करतेय.

तुमचं ते ऑफिस! खाली सकाळपासून फाफड्याची कढई, आणि वर आपल्या फायलींना तेलाचा वास. नुकतीच महानगरपालिका झाली होती, तेव्हाची गोष्ट. स्टेशनबाहेर टायवाली पोरं टेबल टाकून क्रेडिट कार्डं वाटत होती, फोनवर मुली गोड आवाजात कर्ज देत होत्या, आणि सहा महिन्यांनी तीच सगळी माणसं नोटिशीचा कागद हातात घेऊन आपल्या जिन्यात उभी. मी रत्नागिरीच्या एका कारकुनाची मुलगी, रात्रीच्या कॉलेजातून वकिलीची पदवी घेतलेली, ओळख ना पाळख. तुम्ही मुलाखतीत एक प्रश्न विचारलात आणि मी बहुतेक अर्धा तास उत्तर दिलं. तेव्हाच ते रेडिओचं बोललात. मी तरी गप्प बसणारी होते का? म्हटलं, "सर, रेडिओला समोरच्याचं ऐकू येत नाही. मला येतं." तुम्ही हसलात तो आवाज खाली कढईपर्यंत गेला असणार. मग म्हणालात, "ऐकू येतं ना? मग ऐकायला लाग. उद्या सकाळी ये." तुमचा तो आवाज, सर. ठाण्याच्या कोर्टात तुम्ही 'मे इट प्लीज' म्हणालात की पलीकडच्या कोर्टातला शिपाई दारात येऊन बघायचा. मला त्या आवाजाचा हेवा वाटायचा. आपलाही असा व्हावा म्हणून मी घरी आरशासमोर ओरडून बघायचे, आणि आई विचारायची, "कोणाशी भांडतेयस गं?"

तोच आवाज गेला. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. पंधरवड्यात तुम्ही परत येऊन खुर्चीत बसलात, गळ्याला पांढरा रुमाल, समोर कागदांचं पॅड. काकू मधल्या मजल्यावरच्या तुमच्या घरून चहा घेऊन वर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता बोलायचं काम तुझं हं." मला आनंद व्हावा की रडू यावं तेच कळेना. पण अशिलांना कळलं. स्टीलच्या भांड्यांचा कारखाना असलेले ते शेठ आले, तुमच्या पाया पडले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटी, बुरा मत मानना, हमको कोर्ट में बोलनेवाला चाहिए. तुम तो अभी छोटी हो." त्यांच्या फायली मीच दोरीने बांधून दिल्या. मग दुसरे गेले, मग तिसरे. तुम्ही प्रत्येकाला नमस्कार करून जिन्यापर्यंत सोडायला जात होतात, आणि मला त्या प्रत्येकाच्या डोक्यात ती कढई ओतावीशी वाटत होती.

राहिली ती उत्तनच्या कोळीवाड्यातली जोडी. तो तांडेल, म्हणजे बोटीचा मालकही तोच आणि हाकणाराही तोच, आणि त्याची बायको, जी दोघांच्या वाटचं बोलायची. त्यांची बोट रात्री खडकावर आपटून बुडाली होती. दुसऱ्या बोटीने माणसं उचलली म्हणून वाचली. विमा होता, हप्ते वेळेवर भरलेले. पण कंपनीने पैसे नाकारले, कारण काय तर बुडालेली बोट विम्यातली नव्हेच. विमा एका नावाच्या बोटीचा, आणि किनाऱ्याला वाहत आलेल्या फळीवर नाव दुसरंच. झालं होतं असं, की बऱ्याच वर्षांनी घरात नात जन्मली, म्हणून मोसम सुरू होण्याआधी बोट रंगवताना त्यांनी नातीचं नाव घातलं, फादरना बोलावून बोटीला आशीर्वाद दिला, पाव-लाडू वाटले, अख्ख्या किनाऱ्याला सांगितलं. फक्त विमा कंपनीला सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. नंबर लिहिलेला भाग समुद्रातच राहिला. दुसरी बोट बांधायला पैसे नव्हते. विम्याचे मिळाले नाहीत तर तांडेल दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार होता, आणि बायको ते सांगताना तो माणूस आमच्याकडे न बघता पायातल्या चपलेकडे बघत होता.

मीच त्यांना म्हटलं, सरांचा आवाज गेलाय, तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तर फाईल देते. बायको फटकन म्हणाली, "आवाज गेला तं काय जालं? डोका हाय ना?" आणि तांडेल पहिल्यांदाच नीट तोंड उघडून बोलला. "दर्यावर इंजिन चालू असला म्हंजे कोन कोनाचा आयकतो? मी वरशी दोरी वडतो, खाली घंटी वाजते. एक वाजली म्हंजे हलू. दोन वाजल्या म्हंजे बंद. येवऱ्यावर बोट चालते." तुम्ही त्याच्याकडे टक लावून बघत राहिलात. मग पेनाचं टोपण उलटं धरलंत आणि टेबलावर एकदा वाजवलंत. माझ्याकडे बोट केलंत. मग दोनदा वाजवलंत, आणि हाताने 'खाली बस' अशी खूण केलीत. तांडेलाची बायको इतकी हसली की काकू बघायला वर आल्या. त्या दिवसापासून मी तुमचं इंजिन झाले.

आणि काय छळलंत त्या टोपणाने! मी सरावाला उभी राहायचे, तोंड उघडते न उघडते तोच टक. हळू. पुन्हा सुरू, टक. आणि जरा रंगात आले की टक टक. मी चिडायचे, "सर, अजून मुख्य मुद्दा यायचाय!" तुम्ही पॅडवर लिहायचात, 'मला पटलं. आता कशाला बोलतेस?' पटलं की खाली बस, हे तुमचं मुख्य सूत्र, आणि मला ते मुळीच पटत नव्हतं. माझा मुद्दा, मी वाचून काढलेला, तो न बोलता बसायचं म्हणजे काय? वाढलेलं ताट सोडून उठल्यासारखं वाटायचं मला.

तुमचं दुसरं सूत्र मला आधीपासून आवडायचं. कागद सगळेच वाचतात, वस्तू कोणी बघत नाही, वस्तू बघून ये. पण बोट तर समुद्राच्या तळाशी, आणि फळी कंपनीच्या सर्व्हेअरच्या ताब्यात, आमच्याकडे फक्त तिचा फोटो. तरी तुम्ही लिहिलंत, 'जा.' म्हणून एका रविवारी बसने उत्तनला गेले. बांबूंवर बोंबील वाळत होते, प्रार्थनेहून परतलेल्या बाया चांगल्या साड्यांवरच जाळ्यांपाशी बसल्या होत्या. तांडेलाची जुनी छोटी होडी वाळूवर उलटी पडली होती. मी तिच्या नावावरून सहज हात फिरवला, आणि थांबले. रंगाने लिहिलेलं नाव वेगळंच होतं, बोटांना लागत होतं ते वेगळंच. खाली कोरलेली अक्षरं होती. मी तांडेलाच्या बायकोला विचारलं, "मावशी, हे काय आहे?" ती म्हणाली, "पहिला नाव. सुतारानी कोरलेला. आमच्या घरात जुना नाव खरवडत न्हाय. वरशी रंग देताव, नवा नाव लिवताव." मी विचारलं, का? ती माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "सासूचा नाव हाय ते! सासूच्या आंगावर पत्रा घासू काय मी?"

सर, हे मी शोधलं होतं हं. तुम्ही नाही, मी. माझ्या बोटांनी. बसमध्ये परत येताना मला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं. बुडालेल्या मोठ्या बोटीचं विम्यातलं नावही सासूचंच होतं, म्हणजे कंपनीच्या त्या फळीवर, नातीच्या रंगाखाली, सासू बसलेली होती! ऑफिसात पोचून तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि ठोका एकही मारला नाहीत. मी शंभर वर्षं जगले तरी तो हात विसरणार नाही.

मग मी भाषण लिहायला घेतलं. काय भाषण होतं ते! आधी विम्याचा कायदा, मग निवाडे, मग किनाऱ्यावरच्या चालीरीती, आणि शेवटी फळीचा धक्का. तुम्ही वाचलंत, दोन्ही भुवया वर केल्यात आणि काहीच लिहिलं नाहीत.

सुनावणी ठाण्याला, ग्राहक मंचापुढे. घोडबंदर रोडने आपण चौघं एका रिक्षात, तुम्ही पुढे रिक्षावाल्याशेजारी अर्धे बाहेर. कंपनीचे वकील मुंबईहून आलेले, इस्त्रीचे, आणि बरोबर फळी. त्यांचाच तर तो मोठा पुरावा. त्यांनी ती टेबलावर ठेवली, तशी बायको हळूच म्हणाली, "आमचीच हाय ती," आणि पदर तोंडाला लावला. त्या माणसाने छान मांडलं, खोटं कशाला बोलू. विमा या नावाचा, फळी त्या नावाची, बोट दुसरी, विषय संपला. मग मी उभी राहिले. बोलायला लागले. टक, पहिल्याच मिनिटाला. हळू झाले. नातीचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, जुनं नाव न खरवडायची त्या घरची रीत सांगितली, आणि अध्यक्षांना म्हटलं, "आपण ती फळी एकदा हातात घ्यावी, एवढी विनंती आहे."

त्यांनी फळी घेतली. खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरली. त्यांचा अंगठा नातीच्या नावावर फिरतोय, आणि मी श्वास घेतेय, की आता, आता सांगते, खाली काय कोरलंय ते, अक्षर न् अक्षर, आणि मग निवाडे, आणि मग... टक टक.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही समोर बघत होतात, टोपण टेबलावर धरलेलं. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं, खरंच सांगते. वाटलं, यांचा स्वतःचा आवाज गेला म्हणून माझाही काढून घेतायत. पण बसले. अध्यक्षांचा अंगठा मागे गेला, पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागला, सावकाश. मग त्यांचे ओठ हलायला लागले. एकेक अक्षर. मग त्यांनी फळी शेजारच्या सदस्यबाईंच्या हातात दिली, त्यांचं बोट आपल्या हाताने त्या खाचेवर ठेवलं आणि सासूचं नाव मोठ्याने वाचलं. स्वतः. मला काहीच सांगावं लागलं नाही. कंपनीचे वकील घाईने उठले आणि बोलत सुटले, रंगाबद्दल, लाकडाबद्दल, दुसऱ्या शक्यतांबद्दल, आणि अध्यक्ष त्यांना म्हणाले, "वकीलसाहेब, मी माझ्या हाताने वाचलंय." तेव्हा मला कळलं की मी बोलले असते तर ते नाव माझं म्हणणं झालं असतं, आणि कंपनीच्या वकिलांनी माझं म्हणणं खोडायचा प्रयत्न केला असता. आता ते अध्यक्षांचं झालं होतं.

तांडेलाला दुसरी बोट मिळाली. फळी परत आली, ती त्यांनी नव्या बोटीला तशीच बसवली, सासू खाली, नात वर, आणि यावेळी विमा कंपनीला कळवण्याचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. बायकोने पापलेटं आणली, काकूंनी ती तळली, आणि खालचा फरसाणवाला वासाने कासावीस होऊन विचारत आला, "क्या हो रहा है ऊपर?" शेठही पुढच्या वर्षी परत आले, फायली घेऊन. मी त्यांना चांगलं तासभर बाकावर बसवून ठेवलं. तुम्ही टोपण वाजवलंत तरी मी ऐकलं नाही.

त्या एका फळीवरून माझं पुढचं सगळं झालं. कंपनीच्या त्या इस्त्रीच्या वकिलांनीच मला फोर्टला बोलावलं, आणि तुम्हीच मला ढकलून पाठवलंत. मोठी प्रकरणं आली, ज्यांच्या कागदांना ट्रॉली लागते अशी. बँकेच्या हमीचे वाद, विम्याचे, शेअर बाजारातले, ज्यात बुडालेलं काय ते हाताला लागतच नाही. तिथेही मी आधी वस्तू बघते. गोदामात जाते, दलालांच्या त्या स्क्रीनसमोर दिवसभर बसते, आणि माझी पोरं मागे कुरकुरतात. कधी कंपनीच्या बाजूने असते, कधी कंपनीच्या विरुद्ध. कंपनीच्या बाजूने असले की पहिल्याच बैठकीत सांगते, फळी नीट बघितलीत का? ते गोंधळतात, मग बघून येतात. मी चांगली वकील झाले आहे, सर. उगाच विनय कशाला करू? फार चांगली झाले आहे, आणि हे ऐकायला तुम्ही असायला हवे होतात.

दुखणं परत आलं तेव्हा तुम्ही मला उशिरा कळवलंत, माझी केस चालू होती म्हणून. मी हॉस्पिटलात आले आणि सवयीप्रमाणे सुरू झाले. त्या दिवशी हायकोर्टात पहिल्यांदा एकटी उभी राहून जिंकले होते, ते सगळं सांगितलं, न्यायमूर्ती काय म्हणाले, समोरचा कसा घसरला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, मधेच ओठांच्या कोपऱ्यातून हसत होतात. मग मला जे बोलायला मी मुळात आले होते त्याकडे वळले. म्हटलं, "सर, मला एक सांगायचंय. तुम्ही नसतात तर मी..." आणि तुमची नखं पलंगाच्या दांडीवर वाजली. टक टक.

मी गप्प बसले. तुमचा हात हातात घेऊन बसून राहिले, काकू परत येईपर्यंत. त्यानंतर आपली भेट झाली नाही, आणि ते वाक्य माझ्याकडे तसंच अर्धं राहिलं.

कुकर कधीच गार झालाय. हे पत्र घडी करून पितळी पाटीच्या ऑफिसात ड्रॉवरमध्ये ठेवीन, तुमच्या टोपणाशेजारी, जे काकूंनी मला दिलं. एकच कबूल करते. हॉस्पिटलातल्या त्या दिवसावरून मी तुमच्यावर रुसले होते, इतकी वर्षं, मनातल्या मनात. आयुष्यभर बोलायला शिकवलंत आणि एवढंच बोलू दिलं नाहीत म्हणून. आज न्यायमूर्तींनी चष्मा काढला, मी आपणहून खाली बसले, आणि बसता बसता मला ते दांडीवरचे दोन ठोके ऐकू आले. सर, तुमच्यापर्यंत तेव्हाच पोचलं होतं ना?

मग बसते मी.